हजेरीचं नेट आणि पारावरचं नेट

आमच्या हॅम रेडिओ क्लबच्या येत्या बैठकीत एक ठराव येतो आहे. रोज रात्री साडेआठला दोन मीटर बँडवर, म्हणजे रेडिओ लहरींच्या एका ठरावीक पट्ट्यावर, आमच्या ज्या मोकळ्या गप्पा चालतात त्या बंद कराव्यात आणि त्यांच्या जागी आठवड्यातून तीन रात्री नेट कंट्रोलच्या हुकमाने चालणारं शिस्तीचं नेट, म्हणजे लहरींवरची ठरल्या वेळची बैठक, घ्यावी, असा तो ठराव आहे. मांडणारे माझे वीस वर्षांचे सोबती आहेत. त्यांची कळकळ खरी आहे आणि त्यांची कारणंही खरी आहेत. तरीही मी विरोधात हात वर करणार आहे. का, ते इथे लिहून काढतो. कारण खेड्यात जिथे चार माणसं स्वखुशीने जमून काही काम करतात, मग ते भजनी मंडळ असो, बचत गट असो की पाणी वापर संस्था, तिथे हा प्रश्न कधी ना कधी उभा राहतोच. शिस्त आणायची म्हणून मोकळेपणा काढून टाकायचा का?

हॅम रेडिओ ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. केंद्र सरकारच्या दूरसंचार खात्याची परीक्षा द्यायची, परवाना आणि कॉल साइन, म्हणजे लहरींवर ओळख देण्याचं सांकेतिक नाव, घ्यायची, आणि ठरवून दिलेल्या लहरींवर स्वतःच्या यंत्राने बोलायचं. वयाची १२ वर्षं पूर्ण झाली की परीक्षेला बसता येतं. धंद्याचे निरोप किंवा पैशासाठी कोणतंही काम यावर करता येत नाही. आमचा क्लब वर्धा जिल्ह्याच्या हिंगणघाट-समुद्रपूर पट्ट्यातल्या गावांत विखुरलेला आहे. एक निवृत्त मास्तर, दोन वायरमन, एक कृषी केंद्रवाले, काही कास्तकार, कॉलेजातली पोरं आणि नववीतली एक मुलगी. एकूण पंधरा-सोळा जण, त्यात रोज बोलणारे सहा-सात. आमच्याकडे रिपीटर, म्हणजे आवाज पकडून पुढे पाठवणारं यंत्र, नाही. ज्याचा आवाज ज्याला थेट पोचेल तेवढंच. पोचत नसेल तर मधला कोणी ऐकून पुढे सांगतो; त्याला रिले म्हणतात.

शिस्तीच्या नेटमध्ये एक जण नेट कंट्रोल असतो. तो ठरल्या वेळेला नेट उघडतो, आधी कोणाकडे तातडीचा निरोप आहे का विचारतो, मग एकेकाला कॉल साइनने हजेरी द्यायला बोलावतो. त्याने पुकारल्याशिवाय कोणी बोलायचं बटण दाबायचं नाही. निरोप असणाऱ्यांना तो पाळीने बोलू देतो, पोचलेल्या निरोपाची नोंद करतो, आणि शेवटी नेट बंद झाल्याचं जाहीर करतो. मोकळ्या गप्पांत असा कोणी नसतो. एक जण साद घालतो, दुसरा ओ देतो, तिसरा येऊन बसतो आणि बोलणं फिरत राहतं. आम्ही त्याला पार म्हणतो. बाजारात भेटलं की विचारायचं, "आज येऊन राहिले का पारावर, भाऊ?" म्हणजे रात्री यंत्र लावणार का.

ठराव कशातून आला ते सांगितलं पाहिजे. जुलै २०२२ चा पूर आमच्या भागात कोणी विसरलेलं नाही. वणा नदी आणि तिला मिळणारे नाले फुगले, रस्ते तुटले. आमच्या गावची वीज गेली आणि टॉवरची बॅटरी उतरल्यावर मोबाइलही मुका झाला. त्या रात्री आम्ही पाच-सहा जण यंत्राजवळून हललो नाही, आणि आमच्याकडून चुका झाल्या. नाल्यापलीकडच्या एका वस्तीवर पंधरा माणसं अडकल्याचा निरोप दोन रिलेंतून तालुक्याच्या गावी पोचेपर्यंत पंधराचे पन्नास झाले होते. त्या एका आकड्याचा उलगडा करण्यात पाऊण तास गेला. दोनदा असं झालं की तिघांनी एकदमच बटण दाबलं. आम्ही बोलतो त्या एफएम पद्धतीत दोन आवाज एकाच वेळी आले तर जोरकस असतो तो दुसऱ्याला झाकून टाकतो, आणि दोन्ही सारखेच असतील तर नुसती किंचाळी ऐकू येते. शिवाय बटण दाबून बोलणारा तेवढा वेळ बहिरा असतो. आपण कोणाला झाकतो आहोत हे त्याला कळतच नाही. त्या रात्री ज्याला सर्वांत गरज होती त्याचाच आवाज सर्वांत क्षीण होता, आणि तोच सारखा झाकला जात होता. मला त्या गोष्टीची आजही टोचणी आहे.

त्यामुळे माझे मित्र जेव्हा म्हणतात की आपल्याला वळण नाही, तेव्हा मी मान खाली घालून ऐकतो. आकडे सुटे करून सांगायचे हे आम्हाला माहीत होतं, पण सवय नव्हती. मराठी आकड्यांची तर ही मोठीच अडचण आहे. पंधरा आणि पन्नास, एकोणतीस आणि एकोणचाळीस, त्रेसष्ट आणि त्र्याहत्तर: समोरासमोर बसून बोलताना काहीच वाटत नाही, पण खरखरीतून ऐकताना यांचा भेद पुसला जातो. "पंधरा, एक-पाच" असं दोनदा सांगणं हाच इलाज. गावांच्या नावांचंही तेच. अल्फा, ब्राव्हो, चार्ली ही माळ प्रत्येक हॅमला पाठ असते आणि कॉल साइनसाठी ती उत्तम आहे. पण बोरी आणि मोरी यांतला फरक मराठीत सांगायला ती सोयीची नाही. ते काम आमच्या नववीतल्या मुलीने सोपं करून दिलं. तिने शाळेतला तक्ताच वापरला: "ब बदकाचा, म मगराचा." आता आम्ही सगळे तसंच सांगतो. साठी ओलांडलेले मास्तरही.

हे सगळं शिस्तीच्या नेटवरच शिकता येतं. निरोप लिहून घ्यायचा, त्याला क्रमांक द्यायचा, कोणाकडून कोणाला, किती वाजता, किती शब्द, हे नोंदवायचं, उलट वाचून दाखवायचं, मग पुढे द्यायचा. गप्पा मारता मारता हे अंगवळणी पडत नाही. ज्यांना वाटतं की वेळ आली की आपोआप जमेल, त्यांनी आमच्या त्या रात्रीचं ध्वनिमुद्रण ऐकावं. शिस्तीच्या नेटला माझा विरोध नाही. आमच्या क्लबात ते आजवर नावापुरतंच होतं, ही माझी तक्रार आहे.

पण त्या रात्रीची दुसरी बाजू ठरावात कुठेच आलेली नाही.

रात्री एकच्या सुमाराला एक अगदी विरलेला आवाज आला. कॉल साइन कळत नव्हती, शब्द कळत नव्हते, फक्त बोलण्याचा ढंग तेवढा कळत होता. दोघांनी एकदमच ओळखलं: हे गिरडच्या टेकडीपलीकडचे आपले भाऊ. ते वाक्याच्या सुरुवातीला घसा साफ करतात आणि बटण सोडायच्या आधी "हाव" म्हणतात. पारावर आम्ही ते शेकडो वेळा ऐकलं होतं. टेकडी आड येते म्हणून त्यांचा आवाज माझ्यापर्यंत धड येत नाही, पण मास्तरांच्या घराकडून ती बाजू मोकळी आहे, हेही आम्हाला ठाऊक होतं. त्यांनी हातातला सेट घेऊन गोठ्याच्या पत्र्यावर चढलं तर आवाज दुपटीने सुधारतो, हे त्यांनीच मागच्या उन्हाळ्यात गप्पांत सांगितलं होतं. मी त्यांना एवढंच म्हटलं, "पत्र्यावर जा, मास्तर ऐकतील." मास्तरांनी ऐकलं. पुढचे तीन तास त्या बाजूचे सगळे निरोप मास्तरांमार्फत आले.

कोणाचा आवाज कुठून कुठे पोचतो याचा नकाशा आमच्याकडे कागदावर कधीच नव्हता. तो सहा-सात जणांच्या डोक्यात होता आणि रोजच्या बोलण्यातून तयार झाला होता. दवबिंदू पडले की कोणाचा आवाज वाढतो, तूर उंच झाली की वावरातून कोणाचा घटतो, कोणाच्या बॅटरीचा जीव किती, कोणाच्या घरी रात्री यंत्राजवळ कोण असतं. हजेरीच्या नेटवर यातलं काहीही कळत नाही, कारण तिथे ते सांगायला जागाच नसते.

हे मी अनुभवाने म्हणतो. पूर्वी एका हंगामात आम्ही रोजच शिस्तीचं नेट करून पाहिलं होतं. दुसऱ्या आठवड्यापासून ते कसं चालायचं? कॉल साइन, "फाइव्ह नाइन", "नो ट्रॅफिक" म्हणजे निरोप नाही, "सेव्हन्टी थ्री" म्हणजे शुभेच्छा, पुढचा. सात मिनिटांत सगळं आटोपायचं आणि पुन्हा चोवीस तास शांतता. प्रत्येकाने प्रत्येकाला फाइव्ह नाइन दिलेला, म्हणजे आवाज स्वच्छ आणि जोरदार. तो खरा नसायचा. चारचौघांत हजेरी देताना कोणी कोणाला तुमचा आवाज वाईट आहे असं म्हणत नाही. तो अपमान वाटतो. पारावर मात्र कोणीही सहज म्हणतं, "तुमचा आवाज आज मडक्यातून येऊन राहिला, भाऊ, केबल पाहा." आणि केबलच्या जोडात खरंच पाणी शिरलेलं असतं. त्या हंगामात दिवाळीपर्यंत हजेरी चारवर आली. कोणी रागावून गेलं नाही. येण्यासारखं काही उरलं नव्हतं, एवढंच.

झटका मशीनची गोष्ट सांगतो. रानडुकरांपायी आमच्याकडे बहुतेक वावरांना आता झटका मशीनचं कुंपण आहे. चाळीस मीटर बँडवर त्याचा त्रास फार. सेकंदा-सेकंदाला टक, टक, टक, आणि मागचं सगळं बुडून जातं. आमच्यातल्या एकाने वैतागून यंत्र झाकून ठेवलं होतं. पारावर त्याने नुसतं दुःख सांगितलं. त्यावर वायरमन म्हणाले, मशीनमध्ये खोट नसेल, तार कुठेतरी गवताला टेकत असेल किंवा जोड सैल असेल. तिथे ठिणगी पडते आणि तीच तुला ऐकू येते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दोघं शेजाऱ्याच्या धुऱ्यावर हातातला रेडिओ घेऊन फिरले, आवाज वाढत गेला तिथे थांबले, गवत कापलं, दोन फुटलेले इन्सुलेटर बदलले. आवाज जवळजवळ गेला. शेजाऱ्याचं कुंपणही जास्त जोर धरू लागलं, आणि जो शेजारी आजवर अँटेनाकडे संशयाने बघायचा त्याने आपल्या निंबाच्या झाडाला तार बांधायची परवानगी दिली. आता हे कुठल्या नेटच्या कोणत्या रकान्यात बसलं असतं? "नो ट्रॅफिक" असं सांगून तो माणूस झोपून गेला असता.

त्याच निंबावर आम्ही सात मेगाहर्ट्झची, म्हणजे त्याच चाळीस मीटर बँडची, डायपोल अँटेना टांगली. दोन्ही हात मिळून साधारण २० मीटर तार. पुस्तकं वाचून आलेली पोरं म्हणत होती की अँटेना जितकी उंच तितकी चांगली, बांबू जोडून ४० फूट करू. मास्तरांनी एका रात्री पारावर निवांत समजावलं की आपल्याला जपानशी बोलायचं नाही, गडचिरोलीशी बोलायचं आहे. तार २०-२५ फुटांवर ठेवली तर लहरी बऱ्याचशा सरळ वर जातात आणि आयनमंडलावरून परतून तीन-चारशे किलोमीटरच्या परिघात पावसासारख्या खाली येतात. बुलढाण्यापासून गडचिरोलीपर्यंत हवाई अंतर साधारण ४०० किलोमीटरच भरतं; म्हणजे दिवसा सगळा विदर्भ एका बुटक्या तारेच्या आवाक्यात येतो. रात्री ही लहर वरूनच निसटू लागते, तेव्हा ऐंशी मीटर बँडवर उतरावं लागतं. हे सांगायला त्यांना चाळीस मिनिटं लागली, मध्ये तिघांनी शंका विचारल्या, एकाने हुज्जत घातली. वर्ग असा भरतो. ज्या मुलुखात भामरागडसारखी गावं दर पावसाळ्यात पर्लकोटेच्या पुराने तुटतात, तिथे हे ज्ञान हौसेपुरतं राहत नाही.

आता भाषेबद्दल. शिस्तीच्या नेटला आमची माणसं का कोण जाणे इंग्रजीत शिरतात. जी माणसं दिवसभर वऱ्हाडी-नागपुरी बोलतात ती हजेरी देताना पाठ केलेली इंग्रजी वाक्यं म्हणतात, आणि वाक्य संपलं की त्यांच्याकडे बोलायला काही राहत नाही. आपल्या भाषेत बोलायला नियमाची काहीच आडकाठी नाही; देशभर हॅम मंडळी तमिळ, मल्याळम, हिंदी, बंगालीत बोलतात. नववीतली मुलगी परवाना हाती आल्यावर चार महिने नुसती ऐकत होती. हजेरीत तिचं नाव पुकारलं की ती घाईने कॉल साइन सांगून गप्प बसायची. पारावर एका रात्री कोणीतरी पोळ्याच्या बैलाच्या सजावटीवरून बोलत होतं आणि चुकीचं सांगत होतं. तिला राहवलं नाही. तिने बटण दाबलं आणि तीन मिनिटं सलग बोलली. त्या दिवसापासून ती बोलते आहे. तिला धीर देण्यासाठी आम्ही आधी जे जे केलं होतं त्यातलं काहीच उपयोगी पडलं नव्हतं.

मित्रांचे आक्षेप मात्र मी बाजूला सारत नाही. पारावर चार जुनी खोंडं जमली की नव्याला शिरायला फट राहत नाही, हे खरं आहे. वाक्य संपायच्या आत पुढचा बटण दाबतो. कॉल साइन सांगायचं राहून जातं, जे नियमानेही चूक आहे. गैरहजर माणसाविषयी बोललं जातं. निवडणुकीच्या दिवसांत बोलणं नको तिथे जातं, आणि मग कोणाचं तरी मन दुखतं. लहरींवर कोणीही ऐकू शकतं. घरातली बाई, लेकरू, पलीकडच्या गावचा अनोळखी माणूस. हा काही आपल्या चार भिंतींचा ओटा नाही. एका बाईमाणसाने आमच्या क्लबात यायचं ठरवून पुन्हा पाऊल मागे घेतलं, कारण तिने आठ दिवस पारावरचं बोलणं ऐकलं होतं. तो दोष आमचा होता.

पण या दोषांवर उपाय म्हणून पारच मोडणं मला पटत नाही. गावच्या पारालाही मर्यादा असतेच. तिथे कोणी अध्यक्ष नसतो, तरी वडीलधारं माणूस आलं की जागा होते, वाटसरू आला की आधी त्याला विचारलं जातं, बाया पाणी घेऊन जात असल्या की बोलणं सांभाळून होतं. लहरींवरच्या पारालाही तेवढंच हवं. आपलं बोलणं संपल्यावर पुढच्याने तीन सेकंद थांबायचं, तेवढ्या फटीत कोणालाही "ब्रेक" म्हणता यावं. आपल्यानंतर कोणी बोलायचं त्याचं नाव घेऊन सोडायचं, म्हणजे कोणी राहून जात नाही. नवा आवाज आला की विषय तिथेच थांबवून आधी त्याला बोलू द्यायचं. कॉल साइन सांगायची. राजकारण, जातपात आणि गैरहजराची निंदा दारातच ठेवायची. यासाठी नेट कंट्रोल लागत नाही, एकमेकांना टोकायची हिंमत लागते. आणि ती हिंमत आम्ही आजवर दाखवली नाही, कारण मैत्री दुखावेल ही भीती.

गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यातलं मेंढा-लेखा हे गाव सगळ्यांना ठाऊक आहे. वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवणारं देशातलं पहिल्या फळीतलं गाव. गावचेच देवाजी तोफा आणि कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांच्या साथीने त्या गावाने जी पद्धत बसवली तिच्यात मला आमच्या प्रश्नाचं उत्तर दिसतं. तिथे ग्रामसभा आहे आणि अभ्यास गट वेगळा आहे. ग्रामसभेत निर्णय होतो, तोही सर्वसहमतीने. अभ्यास गटात निर्णय होत नाही. तिथे फक्त समजून घ्यायचं, विचारायचं, वाद घालायचा, माहितीची देवाणघेवाण करायची. कोणीही यावं, कोणीही बोलावं. या दोन गोष्टी एकमेकींत मिसळू दिल्या नाहीत, म्हणून दोन्ही टिकल्या. अभ्यास गट बंद करून ग्रामसभा आठवड्यातून तीनदा घेतली असती तर सहमती कशातून आली असती, हे माझ्या मित्रांनी मला सांगावं. चर्चेशिवायची सहमती म्हणजे मुंडी हलवणं, आणि आमच्या रोजच्या हजेरी-नेटवर आम्ही तेच करत होतो.

ठरावाच्या बाजूने आणखी एक गोष्ट सांगितली जाते: सरकारने आपल्याला लहरी दिल्या त्या आपत्तीत कामी यावं म्हणून, गप्पांसाठी नव्हे. हे अर्धंच खरं आहे. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या रेडिओ नियमावलीत हौशी सेवेची जी व्याख्या आहे तिच्यात तीन कामं सांगितली आहेत: स्वतःचं शिक्षण, परस्परांशी संवाद आणि तांत्रिक शोध. देशादेशांतल्या हॅमनी काय बोलावं हे सांगताना ती नियमावली वैयक्तिक स्वरूपाच्या बोलण्यालाही स्पष्ट जागा देते. आपत्तीच्या वेळच्या संपर्कासाठी तयारी करू द्यावी हे कलम त्यात २००३ च्या जागतिक रेडिओ परिषदेत आलं. तेही फार महत्त्वाचं आहे. पण संवाद ही या सेवेची पूर्वीपासूनची ओळख आहे. ती फावल्या वेळची चैन म्हणून बाजूला काढता येत नाही.

आणि आपत्तीत कोण उपयोगी पडलं ते आठवा. डिसेंबर २००४ मध्ये भारती प्रसाद या हॅम आणि त्यांचे सहकारी अंदमानात होते. कशासाठी? तिथून जगभरच्या हॅमशी बोलावं, एवढ्या हौसेसाठी. २६ तारखेला त्सुनामी आली, बाकीचा संपर्क तुटला, आणि तेच हौसेचं केंद्र बेटांवरच्या माणसांची खुशाली देशाला कळवू लागलं. यंत्रं चालू होती, अँटेना उभ्या होत्या, हात बसलेला होता, म्हणून ते काही तासांत निरोपांच्या कामाला लागू शकले. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात आणि २६ जानेवारी २००१ च्या भूजच्या भूकंपातही हॅम धावले. आमच्या शेजारच्या नागपूर जिल्ह्यातल्या मोवाडला ३० जुलै १९९१ रोजी वर्धा नदीने दोनशेवर माणसं नेली. त्या दिवशी वरच्या गावांतून खालच्या गावांना सांगणारं कोणी असतं तर, हा विचार माझ्या मनातून जात नाही. सांगणारा माणूस त्या घडीला यंत्राजवळ असायला हवा. नुसता परवाना कपाटात असून भागत नाही. रोज रात्री बोलायची ओढ असेल तोच त्या घडीला यंत्राजवळ सापडेल.

म्हणून माझी सूचना अशी आहे. शिस्तीचं नेट आठवड्यातून एकदाच घ्या, रविवारी रात्री आठला, पण ते खरंखुरं घ्या. वीस मिनिटांत संपवा. मराठीत घ्या. प्रत्येक वेळी निदान दोन लेखी निरोप दोन रिलेंतून फिरवा आणि शेवटी मूळ कागदाशी ताडून पाहा. त्यात एकदा तरी आकडे असावेत, एकदा औषधाचं नाव असावं. महिन्यातून एकदा घरची लाइन बंद करून बॅटरीवर घ्या. फाइव्ह नाइनची खिरापत बंद करा. जसं ऐकू येतं तसं सांगा, तो अपमान नाही. नेट कंट्रोल दर रविवारी बदला. आमच्याकडे तो मान आजवर दोन-तीन ज्येष्ठांकडेच राहिला, आणि २०२२ च्या रात्री त्यातले दोघं पुरात अडकले होते व तिसऱ्याची बॅटरी संपली होती. नेट चालवता येणारी माणसं क्लबात दहा तरी असली पाहिजेत.

आणि रोजचा पार तसाच राहू द्या. कास्तकाराची रात्र कशी असते ते आपल्याला ठाऊक आहे. पंपाची थ्री फेज लाइन कधी दिवसा असते, कधी रात्री. ज्या आठवड्यात रात्री येते त्या आठवड्यात माणूस मोटर चालू करून वावरातच बसतो. कापूस वेचणीच्या दिवसांत साडेआठला डोळे मिटलेले असतात. पेरणीनंतर डुकरांसाठी जागल असते, मचाणावर हातात सेट घेऊन बसलेला माणूस रात्री अकराला साद घालतो, आणि तेव्हा एखादा जरी ओ देणारा असला तरी त्याची रात्र सरते. विजा कडाडू लागल्या की अँटेनाची केबल काढून सगळ्यांना उठावंच लागतं. अशा माणसांना आठवड्यातून तीनदा अमुक वाजता हजर राहा असं सांगणं म्हणजे त्यांना क्लबाबाहेर काढणं. पारावर उशिरा आलेल्याची गैरहजेरी लागत नाही, म्हणून तो येतो.

पार आणि नेट एकाच फ्रिक्वेन्सीवर असावेत, हाही माझा आग्रह आहे. रविवारी सव्वाआठ-साडेआठला नेट संपल्याचं जाहीर झालं की लोकांनी तिथेच बसून राहावं. नेटमध्ये जे चुकलं त्याची चर्चा तिथेच निघेल, कोणी निरोपात काय गाळलं त्यावरून चार शब्द होतील, आणि पुढच्या रविवारी ती चूक सुधारलेली असेल. सोमवारी कोणी हे पत्रक काढून कळवायची गरज पडणार नाही.

बैठक रविवारी सकाळी दहाला मास्तरांच्या ओसरीवर आहे. ठरावाला मी ही दुरुस्ती सुचवणार आहे, आणि त्याच रात्रीचं नेट नववीतल्या मुलीने चालवावं असंही. सोमवारी तिची शाळा सकाळची असते, त्यामुळे वीस मिनिटांच्या वर तिला अडकवून चालणार नाही.